पाच किलो कोलम

माझ्या धंद्याची सुरुवात जंगलात होत नाही, वाण्याच्या दुकानात होते.

"काका, पाच किलो तांदूळ द्या."

"कोणता देऊ? आंबेमोहोर, इंद्रायणी, कोलम?"

"चिकट नको. दाबला की बसला पाहिजे आणि हलवला की सुटा झाला पाहिजे."

"पुलाव करताय का?"

"नाही, सहाशे एमएमसाठी हवाय."

काकांनी एकदा माझ्या तोंडाकडे आणि एकदा पायांतल्या बुटांकडे पाहिलं आणि मुकाट्याने कोलम बांधला.

सहाशे एमएम म्हणजे लेन्स. किंमत दहा लाखांच्या वर, वजन तीन किलोंच्या आसपास, आणि त्यातलं एका पैशाचंही माझ्या मालकीचं नाही. मागे कॅमेरा लावला की हे प्रकरण तान्ह्या बाळाइतकं जड होतं, आणि बाळासारखंच ते खाली ठेवताही येत नाही. ट्रायपॉड लावावा म्हटलं, तर सफारीच्या जिप्सीत त्याचा एक पाय ड्रायव्हरच्या कुशीत जातो आणि दुसरा गाईडच्या मांडीवर. त्यावर जगभरच्या वन्यजीव छायाचित्रकारांनी काढलेला तोडगा म्हणजे धान्याची पिशवी. गाडीच्या दांडीवर टाकायची, मधोमध खळगा करायचा आणि लेन्स त्यात झोपवायची. इंजिनाची धडधड, शेजाऱ्याचं खोकणं, माझ्या हाताचा कंप, सगळं धान्य गिळतं. तिला म्हणतात बीनबॅग. नाव साहेबी असलं तरी माझी बीनबॅग आईने जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली आहे. तिला अजून खिसा आहे. त्यात मी बडीशेप ठेवतो.

विमानात पाच किलो तांदूळ नेणं परवडत नाही, म्हणून पिशवी रिकामी न्यायची आणि मुक्कामाच्या गावी भरायची. त्यामुळे मी भारतात कुठेही उतरलो की आधी किराणा दुकान शोधतो. जंगल काय, ते कुठे पळून जात नाही.

तांदूळच का, हे मी अनुभवातून शिकलो. एकदा भर पावसात आंबोलीला बेडकांवर काम चाललं होतं. तिथला मलबारचा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करून अंडी घालतो. पिल्लं तयार झाली की वरून टपाटपा पाण्यात पडतात. त्या टपाटपासाठी आम्ही सहा दिवस डबक्याच्या काठावर पालथे पडून होतो. तांदळापेक्षा बरी दिसली म्हणून सावंतवाडीच्या बाजारातून मी मटकी भरून घेतली होती. आंबोलीचा पाऊस म्हणजे काय, ते तिथे छत्री नेणाऱ्यालाच कळतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बीनबॅग गुटगुटीत झाली आणि चौथ्या दिवशी तिच्या शिवणीतून पांढरे मोड डोकावू लागले. मुक्कामाच्या घरातल्या काकूंनी पिशवी उघडून पाहिली आणि "अगो बाई, किती सुरेख मोड आलेत" म्हणत ती थेट चुलीशी नेली. उसळ झकास झाली होती. आम्ही तिघांनी खाल्ली, दिग्दर्शकाने खाल्ली नाही. त्या पिशवीवर कोण कोण येऊन बसून गेलं होतं, ते त्याने मॉनिटरवर पाहिलं होतं.

तेव्हापासून मी फक्त कोलम घेतो.

लग्नकार्यात माझी ओळख "हा वाघाच्या फिल्मा करतो" अशी करून देतात. लगेच कुणीतरी विचारतं, "वाघ कधी अंगावर आला का रे?" खरं उत्तर असं, की वाघ अंगावर यायला तो आधी दिसावा लागतो. माझ्या अंगावर आजवर आली ती माकडं, विश्रामगृहाचं बिल आणि एकदा चंद्रपूरच्या बसस्टँडवर एक बकरी. आईने मध्यंतरी माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली होती. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा नेमकं काय करतो?" आईचा स्वभाव सरळ. ती म्हणाली, "वाट बघतो." त्यांना वाटलं, नोकरीची. ते स्थळ तिथेच संपलं, पण माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला स्वतःलाही जमलेलं नाही.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. या काकांना एक भाचा आहे. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. ताडोब्यातून अठरा दिवसांनी, नाकाचं कातडं सोलून मी परत येतो तेव्हा काका जिन्यात गाठतात. "काय, दिसला का?" मी म्हणतो, "दोनदा." "फक्त? आमचा भाचा गेला होता गेल्या रविवारी. पहिलीच सफारी. आई आणि तीन बछडे. साधी दुर्बीणही नव्हती हो त्याच्याकडे." हा भाचा भिगवणला गेला की रोहित त्याच्या नावेसमोर रांगेत उभे राहतात. नान्नजला गेला तेव्हा म्हणे माळढोक रस्ता ओलांडत होता. भारतीय वन्यजीवांमध्ये एवढा लोकप्रिय माणूस दुसरा नसावा.

ताडोब्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा शेहेचाळीसला टेकतो आणि जिप्सीच्या दांडीवर भाकरी भाजता येते. पण म्हणूनच वाघ पाणवठ्यावर येतो. तोवर जंगलातल्या बातम्या ऐकत बसायचं. चितळ हे सोसायटीच्या ग्रुपसारखं, पान हललं तरी ओरडतं. वानराचं जरा बरं, तो निदान झाडावरून स्वतः पाहून बोलतो. पण सांबर ओरडलं की गाईडची पाठ ताठ होते. "सर, सांबराचा कॉल आहे," असं तो कुजबुजतो आणि आठ गाड्यांमधले चाळीस जण एकदम श्वास रोखतात. कुरकुऱ्यांचं पाकीट फोडणाऱ्या एकाच मुलाचा श्वास तेवढा चालू असतो.

मग वाघ येतो. आता एक गोष्ट कुठल्याही माहितीपटात सांगत नाहीत ती मी सांगतो. उन्हाळ्यात वाघ पाण्यात शिरतो तो बऱ्याचदा पाठमोरा. आधी शेपूट, मग मागचा भाग. टबात गरम पाणी जास्त झालंय की काय अशा बेताने तो हळूहळू बूड टेकतो आणि डोळे मिटतो. कशासाठी ते वाघाला माहीत. तोंडावर पाणी नको असेल किंवा समोर नजर ठेवायची असेल. आमच्या दृष्टीने निकाल एकच. त्या मोसमात पाणवठ्याच्या पलीकडून आलेल्या प्रत्येक वाघाचं तोंड जंगलाकडे आणि उरलेला वाघ माझ्याकडे. रात्री दिग्दर्शकाचा फोन येई. "तोंड?" "तोंड पलीकडे आहे, सर." अशा प्रकारे महाराष्ट्रातल्या वाघांच्या पार्श्वभागाचा सर्वांत सविस्तर दृश्यसंग्रह आज माझ्या हार्ड डिस्कवर आहे. कुणाला पीएच.डी. करायची असेल तर जरूर कळवावं.

पूर्वीचे लोक हुशार होते. फ्रेडरिक चॅम्पियन नावाचे एक इंग्रज वनाधिकारी शंभर वर्षांपूर्वी शिवालिकच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार बांधून ठेवत. वाघाचा पाय लागला की प्रकाशाचा झोत पडायचा, फोटो निघायचा. साहेब बिछान्यात. १९२७ साली त्यांचं या फोटोंचं पुस्तकही निघालं. म्हणजे स्वतःचा फोटो स्वतः काढण्याची कला वाघांनी माणसांच्या कितीतरी आधी आत्मसात केली होती. फक्त तो पाठवायची त्यांना घाई नव्हती.

पण मला खरं सांगायचंय ते किब्बरबद्दल.

किब्बर हे स्पितीतलं गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटर. म्हणजे एकावर एक अडीच कळसूबाई. तिथे आम्ही फेब्रुवारीत हिमबिबट्यासाठी अठ्ठावीस दिवस गेलो. मुख्य कॅमेरामन, दिग्दर्शक, मी म्हणजे दुसरा कॅमेरामन, आणि दुसऱ्या कॅमेरामनची बीनबॅग. भारतभर मिळून हिमबिबटे ७१८, असा अंदाज २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झाला. त्यातले ४७७ लडाखात. हिमाचलच्या वाट्याला आले ५१. एवढ्या मोठ्या प्रदेशात ५१ म्हणजे पुण्यात रिक्षा मिळण्याइतकीच शक्यता, असं मी म्हणालो. दिग्दर्शक मुंबईचा, त्याला यातली दाहकता कळली नाही.

हिवाळ्यात कुंझुम खिंड बर्फाने बंद असते, म्हणून सिमल्याहून किन्नौरमार्गे जायचं. दोन-तीन दिवस एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला सतलज. काझाच्या बाजारात मी पाच किलो तांदूळ घेतला. दुकानदाराने विचारलं, "खाने के लिए?" मी म्हटलं, "नहीं, टेकने के लिए." तो हसला नाही. तिथे तांदूळ खालून येतो, मोजून येतो. त्याची थट्टा करू नये, ही अक्कल मला तेव्हा नव्हती.

पहिल्या दिवशी मी शिडी चढून गच्चीवर गेलो आणि तिथे बसून पाच मिनिटं नुसता श्वास घेतला. इतक्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे चहा उकळतो, पण मनापासून नाही. डाळ कुकरशिवाय शिजत नाही. नळ गोठलेले. स्वच्छतागृह म्हणजे मातीच्या खोलीत जमिनीला एक भोक आणि कोपऱ्यात माती ओढायचं फावडं. अतिशय स्वच्छ आणि शास्त्रीय व्यवस्था. फक्त पहाटे उणे वीसमध्ये त्या भोकातून वर येणारा वारा माणसाला जो विचार करायला लावतो, तो कुठल्याही विपश्यनेत सुचणार नाही.

थंडीत बॅटऱ्या मरतात. त्यामुळे रात्री त्यांना अंथरुणात घेऊन झोपायचं. चार बॅटऱ्या, पाण्याची बाटली, ओले मोजे आणि टूथपेस्ट, एवढं सगळं माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये असे. मुंबईत विरार लोकलने रोज जाऊनही मी इतक्या गर्दीत कधी झोपलो नव्हतो. उलट कॅमेरा मात्र गरम खोलीत आणायचा नाही. बुखारीच्या, म्हणजे तिकडच्या शेगडीच्या, उबेत आला की गार काचेवर बाष्प धरतं, आतून पाणी होतं आणि सकाळी त्याचा बर्फ. म्हणून लेन्स बाहेरच्या पडवीत, पिशवीत बांधून. तिला कुणी शिवायचं नाही, आतबाहेर करायचं नाही. आमच्या पणजीचं सोवळं मी पाहिलेलं नाही, पण आईने ऐकवलेलं होतं. ते मला किब्बरला भेटलं.

आमचा वाटाड्या म्हणजे सगळ्या गावाचे मेमे. मेमे म्हणजे तिकडे आजोबा. हिमबिबट्याला ते 'शेन' म्हणत. मेमेंचे डोळे म्हणजे देवाने चुकून माणसाला दिलेली गिधाडाची जोडी. आम्ही दुर्बिणीतून नुसते पांढरे डोंगर बघत असू, तोवर ते उघड्या डोळ्यांनी सांगत, "वो रहा. काले पत्थर के बाएँ, सफेद के ऊपर."

समोर दीड किलोमीटरवर आख्खा डोंगर. त्यावर काळे दगड हजारो आणि पांढरे त्याहून जास्त.

"दिखा?"

मुख्य कॅमेरामन म्हणाला, "हां हां." दिग्दर्शक म्हणाला, "ओ, ब्यूटिफुल." आता मी एकटा काय म्हणणार? मीही म्हटलं, "हां." राजाचे कपडे न दिसल्याचं कबूल करायला लहान मुलाचं वय लागतं. मी चाळिशीचा. मी कॅमेरा लावला आणि त्या दिवशी चाळीस मिनिटं एका करड्या, ठिपकेदार, अत्यंत देखण्या आकाराचं चित्रण केलं. तो इतका शांत होता की माझे डोळे भरून आले.

रात्री बुखारीभोवती सगळे मॉनिटर बघत बसलो. दिग्दर्शकाने विचारलं, "हा हलत का नाही?"

"झोपलाय," मी म्हटलं.

"शेपूट कुठाय?"

"अंगाखाली असेल."

मेमे थुक्पा पिता पिता पुढे वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि अतिशय हळुवारपणे म्हणाले, "ये पत्थर है. शेन इसके पीछे था."

त्यानंतर उरलेल्या दिवसांत कुणी तो विषय काढला नाही. मेमे मात्र रोज सकाळी त्या डोंगरासमोरून जाताना त्या दगडाला हात करत.

वाट बघण्याच्या या काळात मी पीटर मॅथिसन यांचं 'द स्नो लेपर्ड' पुन्हा वाचलं. १९७३ साली ते जॉर्ज शेलर यांच्याबरोबर नेपाळातल्या डोल्पोत गेले. शेलर निघाले होते भरलांचा, म्हणजे तिथल्या रानमेंढ्यांचा, अभ्यास करायला. मॅथिसनना हिमबिबट्या दिसलाच नाही. त्यांनी न दिसण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर गाजलं. साहित्यात हे चालतं. न दिसलेल्या हिमबिबट्यावर पन्नास मिनिटांचा माहितीपट करतो, असं मी दिग्दर्शकाला सुचवून पाहिलं. त्याने मला दोन दिवस भांड्यांच्या कामाला लावलं.

एकोणिसाव्या दिवशी मात्र तो होता. म्हणजे ती होती. मेमे म्हणाले मादी आहे. समोरच्या कड्यावर, साडेतीनशे मीटरांवर, एका बाहेर आलेल्या खडकावर ती झोपली होती. मुख्य कॅमेरामन आणि दिग्दर्शक पलीकडच्या धारेवर भरलांमागे गेलेले. म्हणजे सगळा कारभार माझ्याकडे. मी दगडाच्या आडोशाला, करड्या कापडाखाली दडलो. आडोशाच्या बाबतीतही जुने लोक पुढेच होते. इंग्लंडात कीर्टन बंधूंनी पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल केला होता आणि एक भाऊ त्यात शिरून उभा राहत असे. बैलात निदान उभं राहता येतं. आमच्या कापडाखाली फक्त गुडघे आणि हनुवटी एकत्र आणता येत होती.

बिबट्याचं झोपणं मी पाहिलेलं आहे, मांजराचंही. पण हे काही वेगळंच होतं. अंगाएवढी लांब, जाडजूड शेपूट तिने गोधडीसारखी नाकावरून ओढून घेतली होती. वाऱ्याने केस उलटे होत, तेव्हा आतली पांढरी लोकर दिसे. तासातून एकदा एक कान फिरे, फक्त एकच. पोट मात्र टम्म. मेमेंनी खूण केली, काल रात्री भरल खाल्लंय. पाचव्या पुरणपोळीनंतर आमचे मोठे काका ओसरीवर जसे पडतात, तशी ती पडली होती. काकांना निदान हाक मारता येते.

नऊ वाजले, बारा वाजले, दोन वाजले. मी मेमेंच्या थर्मासमधला लोणी घातलेला खारट चहा पीत होतो. थंडीत लक्षात येत नाही किती पितो ते. तीन वाजता लक्षात आलं.

माणूस सात थर घालून बसलेला असतो तेव्हा ही गोष्ट साधी राहत नाही. वरून जाकीट, त्याखाली दुसरं जाकीट, मग पँट, मग पँटचे पट्टे जे जाकिटाच्या आत खांद्यावरून जातात, मग अजून एक पँट. कांदा सोलायचा तसा माणूस सोलावा लागतो, आणि डोळ्यांतून पाणीही तसंच येतं. मी मेमेंना खूण केली, त्यांनी मान हलवली. मी मागच्या दगडाआड गेलो. सहावा थर सुटत होता तोच मेमेंची बारीक शीळ आली.

ती उठली होती.

मी धावलो. उणे पंधरामध्ये, चार हजार मीटरांवर, गुडघ्यांशी दोन पँटी असताना माणूस जितका धावू शकतो तितका धावलो. कॅमेऱ्यावर झडप घातली. बॅटरी मेलेली. दुसरी बॅटरी कुठे? काखेत, तिसऱ्या थराच्या खिशात. तो तिसरा थर त्या दगडाआड. मेमे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण ते गेले आणि जाकीट घेऊन आले. येताना त्यांचा चेहरा डॉक्टरांसारखा निर्विकार होता. बॅटरी बसली, बटण दाबलं. तिने पुढचे पाय लांब केले, पाठीची कमान केली, तोंड फाकवून जांभई दिली, जागच्या जागी एक फेरी मारली आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा झोपली.

अकरा सेकंद. आजवर केलेल्या कामात मला त्याहून चांगलं काही जमलेलं नाही. बर्फावर कलतं ऊन, त्या जांभईतली गुलाबी जीभ आणि मिशांवर गोठलेला श्वास. ते बघताना मला थंडी वाजली नाही. पँटी वर घ्यायच्या राहिल्या आहेत, हे मेमेंनी सांगितल्यावर वाजली.

निघायच्या आदल्या दिवशी वर कुठेतरी बर्फाचा कडा कोसळला आणि काझाचा रस्ता बंद झाला. काझा वीसेक किलोमीटर, पण एवढ्या बर्फात ते वीसशेच. दोन दिवस, तीन दिवस. घरमालकीणबाईंनी सातूचं पीठ काढलं, वाळवलेली भाजी काढली. चौथ्या दिवशी दिग्दर्शक सहज म्हणाल्यासारखा म्हणाला, "भात खाऊन किती दिवस झाले ना?" बाईंनी हात पसरले, तांदूळ संपला. मग कुणीच काही बोललं नाही. सगळे हळूहळू माझ्या बीनबॅगेकडे बघू लागले.

मी विरोध केला. ते धान्य नाही, साधन आहे, असं म्हणालो. महिनाभर मी त्यावर कोपर टेकलं होतं, दोनदा मेमे त्यावर बसले होते आणि एकदा गावातल्या कुत्र्याने तिच्याशी जे केलं ते सांगण्यासारखं नव्हतं. कुणी ऐकलं नाही. तांदूळ चार पाण्यांनी धुतला, कुकरला सात शिट्ट्या दिल्या, खिचडी झाली. दिग्दर्शकाला दाताखाली निळा दोरा लागला, तो त्याने हळूच ताटलीच्या कडेला ठेवला. वर बडीशेपही निघाली. उत्तम खिचडी होती. आंबोलीच्या उसळीला अपमान वाटावा इतकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुत्री भुंकायला लागली. मी कॅमेरा उचलून बाहेर आलो. घराच्या खाली, शेळ्यांच्या गोठ्याच्या दगडी भिंतीवरून ती चालत होती. चाळीस मीटर. एकोणिसाव्या दिवशीचीच का ते मला सांगता येणार नाही, पण भिंतीवरून ती अशी चालत होती, जशी आमच्या गल्लीतली मांजर दूधवाल्याच्या वेळेला चालते. मी गच्चीच्या कठड्यावर लेन्स टेकवायला गेलो. कठड्यावर बर्फाचा गुळगुळीत थर, लेन्स घसरली. बीनबॅग, मी ओरडलो. बीनबॅग शेजारीच होती, चपटी, रिकामी. आतला माल आम्हा पाच जणांच्या पोटात.

मी ते हातात धरून चित्रीकरण केलं. नंतर पाहिलं तर त्यात आकाश आहे, बर्फ आहे, माझा अंगठा आहे, पुन्हा आकाश आहे, आणि शेवटी दोन सेकंद भिंतीवरून खाली उतरणारी शेपूट आहे. ताडोब्यापासून एक परंपरा आहे माझी.

पुढचं सगळं मुंबईतल्या एका वातानुकूलित स्टुडिओत झालं. इतक्या दुरून चित्रीकरण करताना आवाज येतो तो फक्त वाऱ्याचा आणि माझ्या धापांचा. म्हणून पावलांचा आवाज नंतर घालतात. बर्फावरच्या पावलांसाठी एका माणसाने कॉर्नफ्लॉवरची पिशवी मायक्रोफोनसमोर दाबली. इतकी सुंदर दाबली की मला त्या कड्यावरचं ऊन आठवलं. भरलांचे खूर करवंट्यांवर झाले. माझ्या बीनबॅगेचा आवाज कुणी मागितला नाही.

मग निवेदन आलं. ती नऊ तास अजीर्णाने झोपलेली मादी पडद्यावर आली, आणि भारदस्त आवाजातला माणूस म्हणाला की, तीन दिवसांच्या उपासाने ती व्याकूळ आहे, आणि एका क्षणासाठीही तिची नजर ढळत नाही. तिचे डोळे मिटलेले होते. मग जांभई आली. तिच्यावर डरकाळीचा आवाज चढवला होता. निवेदक म्हणाला, "आपल्या प्रदेशात शिरलेल्या शत्रूला ती इशारा देते." त्या प्रदेशात शिरलेला शत्रू म्हणजे दोन पँटी गुडघ्याशी आलेला मी. तिने मला इशारा दिला असेल तर तो फार सभ्य होता.

मी म्हटलं, सर, हिमबिबट्याला डरकाळी फोडता येत नाही, आणि ही तर जांभई आहे. दिग्दर्शक म्हणाला, "पोट भरलेल्या प्राण्याला कोण बघतं?" यावर मला उत्तर सुचलं नाही. याहून मोठ्या थापा या धंद्यात झालेल्या आहेत. १९५८ सालच्या 'व्हाइट विल्डरनेस' या डिस्नेच्या चित्रपटात लेमिंग नावाचे छोटे प्राणी झुंडीने कड्यावरून उडी मारताना दाखवले होते. ती झुंड तिथे आणून सोडलेली आणि कड्यावरून लोटलेली होती, हे पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या दूरदर्शनने उघड केलं. चित्रपटाला तोवर ऑस्कर मिळून गेलं होतं. आम्ही कुणाला लोटलं नाही. आम्ही फक्त एका जेवून झोपलेल्या बाईला उपाशी ठरवलं. मला मात्र ते अजून खटकतं. कुणी मला दुपारच्या झोपेत पकडून वर असं निवेदन चढवलं तर मला चालणार नाही.

प्रसारणाच्या दिवशी आमच्या घरी सगळी इमारत लोटली. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती. पन्नास मिनिटांच्या माहितीपटात माझी अकरा सेकंदं सहा झाली होती. शेवटी नावं आली ती राजधानी एक्स्प्रेससारखी गेली. आईने रिमोटने थांबवून, मागे नेऊन, पुन्हा थांबवून माझं नाव शोधलं आणि त्यातलं एक अक्षर चुकीचं छापलंय हेही शोधलं. आवळा सुपारी तोंडात टाकत दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "छान झालंय हो. त्या बिचारीची उपासमार बघवली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आमचा भाचा गेला होता त्या बाजूला. गाडीतून उतरायचीसुद्धा गरज पडली नाही. रस्त्यातच बसला होता. जोडीने."

महिनाभराने फोन आला. चंबळला घडियाल, चाळीस दिवस, जून महिना. पिल्लं बाहेर पडण्याचा हंगाम, वाळूत पालथं पडून काम. मी हो म्हटलं आणि बॅग भरायला काढली. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात जीन्सची पिशवी होती, धुतलेली, इस्त्री केलेली, शिवण पुन्हा घातलेली आणि खिशात ताजी बडीशेप.

"तांदूळ तिथेच घेणार ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग या वेळी खायचा वेगळा घे."